रोज चार दगड

त्या नदीच्या राज्यात गुन्हा गुपित असे आणि शिक्षा उघड.

राज्य पाणमांजरांचे होते. नदी डोंगराला वळसा घालून जिथे सपाटीला येते, तिथे त्यांच्या पूर्वजांनी दगडांचा एक बंधारा घातला होता. बंधाऱ्यामुळे वरच्या अंगाला खोल, संथ डोह झाला होता आणि डोहाच्या काठाकाठाने त्यांची बिळे होती. मासे भरपूर होते, ऊन भरपूर होते. बंधाऱ्याच्या खालच्या पाण्यात मात्र सुसरी आहेत, असे पिल्लांना डोळे उघडल्यापासून सांगितले जाई. सुसर कुणी पाहिलेली नव्हती, कारण खाली कुणी गेलेले नव्हते. आणि कुणी खाली गेलेले नव्हते, कारण तिथे सुसरी होत्या.

बंधाऱ्यातला प्रत्येक दगड कुणाच्या ना कुणाच्या चुकीचा होता. दर पौर्णिमेच्या सकाळी प्रत्येक जाणत्या पाणमांजराने लव्हाळ्यांच्या पडद्यापुढे बसायचे आणि पडद्याआड बसलेल्या थोरल्या कानांना आपली चूक सांगायची, असा रिवाज होता. थोरले कान हे पदाचे नाव. त्या पदावर बसलेल्याला स्वतःचे नाव राहत नसे, जोडी नसे, पिल्ले नसत. ऐकलेले पुन्हा कधीही, मरतानासुद्धा, तोंडातून काढणार नाही अशी त्याची शपथ असे. कोण आले आणि कोण आले नाही, एवढेदेखील सांगायचे नाही. सात पिढ्यांत एकाही थोरल्या कानांनी ती शपथ मोडलेली नव्हती, आणि राज्यातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारले असते तरी त्याने हे अभिमानाने सांगितले असते.

चूक ऐकून झाली की थोरले कान एक आकडा सांगत. तेवढे दगड डोहाच्या वरच्या टोकाच्या गोट्यांच्या पात्रातून उचलायचे, छातीशी धरून काठाने चालत आणायचे आणि बंधाऱ्यावर ठेवायचे. पाण्यातून आणायची परवानगी नव्हती. काठाची वाट उन्हाच्या कातळावरून जाई, आणि पौर्णिमेच्या दिवशी त्या कातळावर सगळे राज्य ऊन खात पसरलेले असे. कुणी कुणाकडे बघायचे नाही असा शिष्टाचार होता. सगळे डोळे मिटून मोजत.

कुणी काही सांगितलेले नसताना सगळ्यांना सगळे ठाऊक असे, ते यामुळे. एक दगड म्हणजे खोटे बोलणे. दोन म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचा मासा. जोडीदारणीला चावले तर दीड, म्हणजे एक मोठा आणि एक लहान; ही सवलत कुणी आणि कधी दिली हे कुणालाच आठवत नव्हते, पण ती बंद करावी असेही कुणाला सुचले नव्हते. बिब्बा नावाच्या एका धिप्पाड नराने रागाच्या भरात सख्ख्या धाकट्या भावाला पाण्याखाली दाबून धरले होते आणि तो भाऊ पुन्हा वर आला नव्हता. कुणी एक शब्द बोलले नाही. पण भाऊ दिसेनासा झाला होता आणि दगड बारा होते. बिब्ब्याने ते एका सकाळीत वाहिले. दुपारी लोकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, की गड्याने मन मोकळे केले हो. तेव्हापासून तो कातळावर पुढच्या रांगेत बसू लागला. बारापेक्षा मोठा आकडा राज्याने कधी ऐकलेला नव्हता.

एक गोष्ट आणखी सांगायला हवी. बंधारा जुना होता आणि दरवर्षी खचत होता. त्याला दगड लागत. ज्या वर्षी चुका कमी होत त्या वर्षी जाणत्यांना काळजी वाटे, ते पिल्लांनाही पडद्यापुढे बसवत, आणि पडद्याआडून थोरले कान मायेने म्हणत, "नीट आठव हं बाळा. असं कसं काहीच नाही?" पिल्ले मग आठवत. काही आठवले नाही तर रचत, आणि त्या रचलेल्या चुकीचा दगडही बंधाऱ्याला चालत असे.

तामण त्या वर्षी जाणता झाला. पिल्लाची मऊ लव झडून अंगावर दाट, चकचकीत केस आले होते. बंधाऱ्याचे दगड नीट बसवणारा जो उंबर, त्याचा हा मुलगा. आईचे नाव शेवरी. तामण चांगला पोहत असे, लहान पिल्लांना चिखलाच्या घसरगुंडीवरून पाण्यात सोडत असे, आणि मुख्य म्हणजे त्याचा बंधाऱ्यावर विश्वास होता. मनातून विश्वास होता. न सांगितलेली गोष्ट बंधाऱ्यात भोक पाडते असे त्याला शिकवले होते, आणि त्याच्याजवळ न सांगितलेली एक गोष्ट होती. आपल्यामुळे कुणाच्या बिळावर संकट यावे हे त्याला पटेना. लबाड असता तर वाचला असता. तो एका पौर्णिमेला पडद्यापुढे बसला.

"थोरले, ही चूक आहे की नाही तेच मला कळत नाही," तो म्हणाला.

"ते आम्ही बघू. तू सांग."

"माझ्या बरोबरीचे सगळे जोडीच्या दिवसाची वाट बघतात. कुठली मादी कुणाला आवडते, दुसरा विषय नाही. माझं मन तिकडे जातच नाही. पलीकडच्या काठावरचा करंज आहे ना... तो पाण्यातून वर आला, की दिवस चांगला गेला असं वाटतं."

"काय केलंत तुम्ही दोघांनी?"

"काही नाही. त्याला तर माहीतही नाही."



"रोज चार दगड," थोरले कान म्हणाले.

"किती दिवस?"

"ते जाईपर्यंत."

ते म्हणजे काय, हे तामणला गोट्यांच्या पात्रापाशी पोचल्यावर, पहिला दगड उचलताना कळले.

पहिल्या दिवशी कातळाने चार मोजले आणि कूस बदलली. पोरवयात चार म्हणजे जरा जास्त, पण असेल काहीतरी. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा सरलेली असताना तामण पुन्हा दगड घेऊन आला तेव्हा काही डोळे उघडले. तिसऱ्या दिवशी बारा झाले. चौथ्या दिवशी तेरावा दगड त्याच्या छातीशी दिसला आणि कातळावर सगळ्यांचे डोळे उघडले.

बारा म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक होते. मग तेरा म्हणजे काय? आणि सोळा? आणि पुढच्या पौर्णिमेपर्यंत शंभराच्या वर गेले ते? कुणी म्हणाले, पोराने सुसरींशी संधान बांधले असणार. कुणाला पूर्वी हरवलेली दोन पिल्ले आठवली. ती पुरात गेली हे त्यांच्या आईबापांनी स्वतः पाहिले होते, तरी आठवली. घसरगुंडीवर तामण दिसला की आया आपली पिल्ले मानेला धरून उचलून नेऊ लागल्या. बिब्बा पुढच्या रांगेतून मोठ्याने म्हणाला, की असल्यांमुळेच बंधारा खचतो, आणि माना डोलल्या.

शेवटी चारचौघे थोरल्या कानांकडे गेले. थोरल्यांनी एक पंजा कानावर ठेवला, आभाळाकडे पाहिले आणि एक शब्दही काढला नाही. शपथ मोडली नाही, हे त्यांच्या बाजूने म्हणायलाच हवे. "पोराने कुणाचे काही बिघडवलेले नाही" एवढे पाच शब्द बोलले असते तर तीही शपथ मोडली असती, आणि त्यांना शपथ फार प्यारी होती. चारचौघे परत आले आणि म्हणाले, बोलण्यापलीकडचे आहे. ही गोष्ट सांगतानासुद्धा सांगणाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात जाते. एक पोर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झिजत होते आणि त्याला झिजवणारा मात्र कुणाचे गुपित फोडत नाही म्हणून पूज्य ठरत होता.

झिजत होते ते खरोखरच. दगड छातीशी धरून चालायचे, त्यामुळे छातीचे केस घासून जाऊ लागले. गोट्यांना तपकिरी केसांचे पुंजके चिकटून बंधाऱ्यावर जात. पाणमांजराचे केस गेले की गार पाणी थेट कातडीला लागते. ते फार वेळ पोहू शकत नाही, पोहू शकले नाही तर मासा मिळत नाही, आणि मासा मिळाला नाही तर थंडी जास्त वाजते. असे एकदा सुरू झाले की शेवट कसा होतो, हे डोहातल्या सगळ्यांना कळत होते. तामणच्या छातीवर तळव्याएवढा उघडा पट्टा पडला, मग दोन तळव्यांएवढा.

एका सकाळी शेवरी तो पट्टा चाटता चाटता थांबली.

"काय केलंस रे तू?"

"काही नाही केलं."

"काही न करता दोनशे दगड? आईला तरी खरं सांग."

तामणने सांगितले. पडद्यापुढे सांगितले होते तितकेच, त्याच शब्दांत.

"एवढंच?" शेवरीच्या तोंडून निघून गेले. आणि निघून गेल्यावर तिने घाबरून बिळाच्या तोंडाकडे पाहिले, कुणी ऐकले तर नाही ना.

"जाईपर्यंत म्हणालेत," तामण म्हणाला. "मी रोज बघतो आई, गेलं का ते. नाही गेलं. उद्या त्यांना गेलं म्हणून सांगितलं तर तो खोट्याचा एक दगड होईल. तो परवडेल. पण मग भोक पडेल ना बंधाऱ्याला?"

शेवरी पुन्हा तो पट्टा चाटू लागली. तिनेच त्याला भोकाची गोष्ट शिकवली होती.

इकडे बंधाऱ्याचे वेगळेच झाले. रोजच्या चार दगडांनी तो कधी नव्हे इतका उंच आणि घट्ट झाला. उंबर दगड बसवता बसवता खूश होई आणि कुणाचे दगड ते आठवले की गप्प होई. बंधारा उंचावला तसे डोहाचे पाणी चढले, आणि चढता चढता खालच्या ओळीतल्या बिळांत शिरले. बिळांत पाणी का आले, याचे उत्तर कुठल्याही पिल्लाने दिले असते. पण पिल्लांना विचारण्याची रीत नव्हती. जाणत्यांनी ठरवले, की हे त्या पोराच्या न जाणाऱ्या पापाचे पाणी आहे, आणि त्यावर तोड म्हणून प्रत्येक घराने आणखी दोन दोन दगड बंधाऱ्यावर टाकावेत. टाकले. पाणी दुसऱ्या ओळीत आले.

जोडीचा दिवस जवळ आला होता. थोरले कान उंबरशेजारी येऊन उभे राहिले आणि कुणाचेही नाव न घेता, अगदी सर्वसाधारण बोलावे तसे म्हणाले, "काही दगड असे असतात उंबरराव, जोडी झाली की आपोआप उतरतात." शपथ इथेही मोडली नाही. उंबर मूर्ख नव्हता. त्याने त्याच दिवशी शेजारच्या खैराकडे जाऊन त्याची मुलगी निर्गुडी तामणसाठी मागितली. खैराच्या बिळात पाणी शिरले होते आणि उंबरचे बीळ उंचावर होते, त्यामुळे बोलणे लवकर आटोपले. निर्गुडीला विचारले नाही, कारण विचारायची रीत नव्हती.

उंबर घरी येऊन मुलापुढे बसला.

"हे बघ, तुला काही करायचं नाहीये. तीन हाका होतील. तीन दिवस नुसतं गप्प उभं राहायचं. तिसरी हाक झाली की दगड बंद. थोरल्यांचा शब्द आहे."

"आणि नंतर, बा?"

"नंतर काय? नंतर कोण विचारतंय? अरे, सगळ्यांनी असंच केलंय."

सगळ्यांनी म्हणजे कुणी, हे तामणने विचारले नाही आणि उंबरने सांगितले नाही. पण तो मुलाच्या छातीकडे बघत नव्हता, आणि त्याचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

जोडी ठरली की तीन सकाळी बंधाऱ्यावरून हाक देण्याचा रिवाज होता. थोरले कान बंधाऱ्याच्या मधोमध उभे राहून दोघांची नावे घेत आणि विचारत, या जोडीला अडचण कुणाला ठाऊक असेल तर त्याने बोलावे. मग थोडा वेळ थांबत. त्या थांबण्यात आजवर कुणी बोललेले नव्हते. म्हाताऱ्या मंडळींना तेवढ्यात एक डुलकी काढायची सवय होती.

पहिली हाक झाली. दुसरी हाक झाली. दुसऱ्या हाकेनंतर निर्गुडी काठाने तामणजवळ आली. दोघे पूर्वी घसरगुंडीवर एकत्र खेळलेले होते.

"एक विचारू का?" ती म्हणाली. "राग नको मानू. जोडी झाल्यावर तुझ्या दगडांतले मला किती वाहावे लागतील?"

"एकही नाही. तिसऱ्या हाकेनंतर बंद होणार आहेत."

"ते बंधाऱ्यावरचे," निर्गुडी म्हणाली. "मी घरातल्यांचं विचारतेय."

 तामण रात्रभर याचे उत्तर शोधत राहिला, आणि सकाळ झाली.

तिसऱ्या हाकेला सगळे राज्य कातळावर होते. बऱ्याच जणांची पोटे ओली होती, कारण ते ओल्या बिळांतून आले होते. तामण आणि निर्गुडी बंधाऱ्याच्या टोकाशी उभे होते. थोरल्या कानांनी नावे घेतली.

"उंबरचा तामण आणि खैराची निर्गुडी. कुणाला अडचण ठाऊक असेल तर त्यानं बोलावं."

"मला ठाऊक आहे," तामण म्हणाला.

डुलकी घेणारे जागे झाले. थोरले कान हळू आवाजात म्हणाले, "ज्याची हाक, त्यानं बोलायचं नसतं, बाळा."

"कुणाला ठाऊक असेल तर, असं म्हणालात. माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?" तो कातळाकडे वळला. उघड्या छातीवर वारा लागून अंग कापत होते. "मला मादी आवडत नाही. नर आवडतो. निर्गुडीत काही खोट नाही. जोडी केली तर मी तिला आयुष्यभर फसवीन. ही अडचण आहे. आणि तुम्ही सगळे दोन महिने मोजताय ते दगड याचेच आहेत. दुसरं मी काहीही केलेलं नाही. पिल्लांना हात लावला नाही, सुसर मी पाहिलेली नाही. एवढंच होतं."

कुणी नाव विचारले असते, तर कुठला नर ते त्याने सांगितले नसते. तेवढे त्याने आधीच ठरवले होते. कातळाच्या पलीकडच्या टोकाला करंज आपल्या आईबापांच्या मध्ये बसला होता आणि पंजाने शेवाळ उकरत होता.

 दोन महिने ज्यांनी सुसरींची संधाने आणि बुडवलेली पिल्ले रचली होती, त्यांच्या हाती एवढेसे सत्य आले होते आणि त्याचे काय करावे ते त्यांना समजेना. पहिला उठला तो बिब्बा.

"पिल्लं बसलीत इथं!" तो ओरडला. "लाज नाही वाटत पिल्लांपुढं असलं बोलायला?"

आणि त्याबरोबर सगळ्यांना आपापला राग सापडला. आया पिल्लांचे कान झाकू लागल्या. खैर म्हणाला, माझ्या पोरीचे नाव खराब झाले. निर्गुडी मध्येच म्हणाली, की तिला तामण खरे बोलला तेच बरे वाटले. तिला तिच्या बापाने खाली बसवले. आश्चर्य असे, की तामण जे बोलला त्यापेक्षा तो बोलला याचाच राग जास्त होता. हेच त्याने पडद्याआड आणखी वीस वर्षे सांगितले असते आणि वीस वर्षे दगड वाहिले असते, तर त्याच कातळावरून त्याच्याबद्दल हळूहळू आदराने बोलले गेले असते.

तामण थोरल्या कानांकडे वळला. "थोरले, एकच सांगा. हे तुम्ही माझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकलंत का?"

थोरल्यांनी पंजा कानावर ठेवला आणि आभाळाकडे पाहिले.

तीच खूण, तेच आभाळ. पण या वेळी ते गप्प असताना कातळावरची काही पाणमांजरे एकमेकांकडे न बघता पाण्याकडे बघू लागली. एक म्हातारी. दोन सख्खे मेहुणे. मागच्या रांगेत एकटाच राहणारा एक नर. उंबर बंधाऱ्याच्या दगडांकडे बघत होता, जणू त्यातला एखादा नीट बसलेला नाही. शेवरीने नवऱ्याकडे पाहिले आणि बराच वेळ ती नजर हलवू शकली नाही.

"यानं पडदा फाडला आहे," थोरले कान शेवटी म्हणाले. "पडद्याआड सांगितलेल्याला दगड आहेत. उघड सांगितलेल्याला आमच्याजवळ दगड नाहीत."

याचा अर्थ काय, हे सांगण्याची गरज पडली नाही. तामणला कुणी ढकलले नाही. हे नंतर सगळ्यांनी पुन्हा पुन्हा, शपथेवर सांगितले, आणि ते खरेच होते. सगळे नुसते उठून उभे राहिले आणि एक एक पाऊल पुढे येत गेले. बंधारा अरुंद होता. तामण एक एक पाऊल मागे सरकत गेला, आणि मग मागे पाऊल ठेवायला जागा उरली नाही.

शेवरी धावत कडेला आली तेव्हा खालच्या पाण्यात त्याचे डोके वर आले होते. पाणी वाहते होते, उथळ होते, उन्हात चकाकत होते. तो धडपडत एका वाळूच्या पट्ट्यावर चढला आणि छाती उन्हाकडे करून पडून राहिला. शेवरी दुपारपर्यंत बघत होती. सुसर आली नाही.

दुपारी पौर्णिमा नसताना करंज पडद्यापुढे जाऊन बसला. थोड्या वेळाने तो एक दगड छातीशी धरून काठाने आला. सगळ्यांनी मोजला आणि सगळ्यांना हायसे वाटले. एकच दगड होता, आणि एक दगड खोट्याचा असतो हे सगळ्यांना ठाऊक होते. कुठले खोटे, याच्या खोलात कुणी गेले नाही. करंज दगड ठेवून तिथेच उभा राहिला आणि खालच्या पाण्याकडे बघायला त्याने मान वळवली. मग आईने हाक मारली म्हणून तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कातळ भरू लागला तेव्हा शेवरी काठाच्या वाटेवर होती. तिच्या छातीशी दगड होता. सगळ्यांनी सवयीने डोळे मिटले आणि मोजायला सुरुवात केली. मुलाच्या वतीने आई वाहते आहे, चांगली गोष्ट आहे, घराण्याचे नाव राखेल, असे कुणी कुजबुजले. मग कुणाच्या तरी लक्षात आले की ती चुकीच्या दिशेने चालली आहे.

ती बंधाऱ्याकडून येत होती. गोट्यांच्या पात्रात जाऊन तिने दगड खाली ठेवला, रिकाम्या हातांनी परत आली, बंधाऱ्यावर वाकली आणि दगड हुंगत, हाताने चाचपत शोधू लागली. कुठलाही दगड ती उचलत नव्हती. ज्याला तपकिरी केसांचा पुंजका चिकटलेला असे, तेवढाच ती उपसून काढत होती. काढला की त्यावरचे केस चाटून साफ करी, आणि मग छातीशी घेऊन निघे.

"अगं शेवरे," उंबर कातळावरून उठून म्हणाला, "काय चाललंय हे? किती सांगितलेत तुला?"

"मोजत बसा," शेवरी म्हणाली आणि थांबली नाही.

ते मोजत बसले. दुसरे काय करायचे हे त्यांना येत नव्हते. सात झाले, आठ झाले. बाराला बिब्बा चुळबुळला. तेरा झाले, वीस झाले. कुठल्या चुकीचे वीस? आणि उलटे नेलेले दगड चुकीत धरायचे की कशात? कातळावर गोंधळ माजला. सगळ्यांनी थोरल्या कानांकडे तोंडे फिरवली आणि एकच प्रश्न विचारला, की तुम्ही हिला किती दगड सांगितलेत?

थोरल्या कानांनी पंजा कानाकडे नेला. मग शेवरीकडे पाहिले, बंधाऱ्यातल्या खाचेकडे पाहिले, आणि पंजा खाली घेतला.

"मी सांगितलेले नाहीत," ते घाईघाईने म्हणाले. "ती माझ्याकडे आलेलीच नाही."

सात पिढ्यांत कोण आले आणि कोण आले नाही, एवढेसुद्धा कुठल्या थोरल्या कानांच्या तोंडून कधी बाहेर पडले नव्हते. पण ते कुणाच्या ध्यानात आले नाही. सगळे शेवरीकडे बघत होते. ती पुढचा दगड उपसत होती, आणि तो निघाला त्या जागेतून डोहाचे पाणी, बोटभर धारेने, खाली जायला लागले होते.